तुरुंग, कला आणि देणगीचा पैसा: ही नोकरी घेऊ का? (ठाणे-नवी मुंबईकरांचं मत हवंय)

ऐरोलीकर_सई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा.

मी ऐरोलीला राहते आणि महाप्याला एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर (कंपनीनं समाजकार्यावर करायचा खर्च) टीममध्ये आहे. शाळांना बेंच द्यायचे, वॉटर प्युरिफायर बसवायचे, पावसाळ्यात झाडं लावायची आणि मग त्या सगळ्याचे फोटो. पगार बरा आहे, बॉस त्रास देत नाही, तक्रार अशी काही नाही.

आता एका फॅमिली ट्रस्टकडून ऑफर आलीये. जुनं दानधर्म करणारं घर, हॉस्पिटल-शाळा वगैरे आहेतच त्यांच्या. त्यांची नव्या पिढीतली मुलगी न्यूयॉर्कला शिकून आलीये आणि तिला कलेसाठी वेगळा फंड काढायचाय, विषय तुरुंग. म्हणजे आत असलेले, सुटून आलेले आणि त्यांच्या घरचे, यांनी स्वतः केलेलं किंवा यांच्यासोबत केलेलं नाटक, चित्रं, गाणी, लिखाण, याला पैसे द्यायचे. सुरुवात ठाणे आणि तळोजा या दोन कारागृहांच्या आसपास. फंड पहिल्यापासून मी उभा करायचा, हाताखाली एक जण, वरती ट्रस्टी मंडळ.

इंटरव्ह्यूमध्ये तिनं अमेरिकेतल्या आर्ट फॉर जस्टिस फंडाबद्दल भरभरून सांगितलं. ॲग्नेस गुंड नावाच्या बाईंनी २०१७ ला आपल्या घरातलं लिक्टेनस्टाईनचं पेंटिंग १६.५ कोटी डॉलरला विकलं आणि त्यातले १० कोटी डॉलर तुरुंगांमधली गर्दी कमी करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना आणि कलाकारांना वाटायला काढले, फोर्ड फाउंडेशन सोबतीला होतं, आणि सहा वर्षांत पैसा वाटून २०२३ ला फंड बंदसुद्धा करून टाकला. मी घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसले. भारी वाटलं खरंच.

पण सकाळी उठल्यावर प्रश्न पडायला लागले. तिकडे जवळजवळ २० लाख माणसं आत आहेत, कृष्णवर्णीय लोकसंख्येत सात-आठात एक आणि तुरुंगात तिघांत एक, म्हणून ते मास इन्कार्सरेशन, म्हणजे घाऊक तुरुंगवास म्हणतात. आपल्याकडे लोकसंख्येच्या मानानं आकडा खूप लहान आहे, मग तोच साचा इथे उचलून ठेवायचा का? आणि ज्याला जामिनाचे पंधरा हजार भरता येत नाहीत म्हणून तो आत आहे त्याला मी ब्रश देणार? सासूबाई तर सरळ म्हणाल्या, एवढं एमबीए करून चोरांना रंगपेट्या वाटणार का गं. नवरा म्हणतो तुझं तू बघ, म्हणजे त्यालाही नकोच आहे.

या क्षेत्रात कुणी आहे का इथे? रोजचं काम नक्की काय असतं?

---

कोर्टनाका

सई, मी ठाण्यातच कच्च्या कैद्यांसोबत काम करतो, सोशल वर्कर आहे, संस्थेचं नाव नाही घेत. तुझ्या साच्याच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळं तिथेच अडणार आहे.

एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशोबानं २०२२ च्या अखेरीस देशभरात ५,७३,२२० बंदी होते, जागा ४,३६,२६६ ची. त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे केस चालू आहे, शिक्षा झालेली नाही. चारातले तीन. आता हा आकडा आणि जागेचा आकडा शेजारी ठेवून बघ, जवळपास सारखेच आहेत. म्हणजे फक्त कच्चे कैदी धरले तरी देशातले सगळे तुरुंग भरले. दलित, आदिवासी, मुस्लिम यांचा वाटा लोकसंख्येपेक्षा जास्त आणि दोन तृतीयांशाच्या आसपास लोक दहावीपर्यंतही न पोचलेले. तेव्हा "आपल्याकडे मास नाही" असं म्हणू नकोस, आपल्याकडे त्याचा आकार वेगळा आहे एवढंच.

अमेरिकेतले बरेचसे कार्यक्रम लांब शिक्षा भोगणाऱ्यांच्या भोवती बांधलेत. न्यूयॉर्क राज्यातल्या सिंगसिंग तुरुंगात १९९६ पासून नाटकाचा कार्यक्रम चालतो, तिथे माणूस वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी असतो त्यामुळे तालीम बसते, ग्रुप तयार होतो. ठाण्याला किंवा तळोज्याला तू १५ जणांचा ग्रुप घेतलास तर तिसऱ्या आठवड्यात दोघांना जामीन, एकाची दुसऱ्या जेलला बदली, चौघांची नेमकी त्या दिवशी तारीख, आणि तारखेला न्यायला पोलीस पार्टीच आली नाही म्हणून ते आतच आहेत पण मूड गेलाय, ते येणार नाहीत. प्लॅटफॉर्मवर शाळा भरवण्यासारखं आहे ते. शिक्षा लागली की मोठ्या मुदतीचे बरेचसे येरवडा, नाशिकला वगैरे जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कच्च्या कैद्याला स्वतःची तारीखच माहीत नसते. पक्क्याला निदान मोजता येतं. ज्याला उद्या सुटेन का तीन वर्षांनी हे ठाऊक नाही तो माणूस "१२ आठवड्यांचा कोर्स" या गोष्टीकडे कसा बघेल याचा विचार कर, आणि तुझ्या ट्रस्टींना मात्र बारा आठवड्यांचाच कोर्स हवा असणार कारण तो कागदावर छान दिसतो.

जामिनाचं म्हणशील तर प्रश्न बरोबर आहे पण त्या कामाला आता बाकीची दारं आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, २०२३ पासून गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आहे ज्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैसे मिळू शकतात, नव्या बीएनएसएसचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७९ आहे, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडायचं, काही गंभीर गुन्हे वगळून. हे सगळं कागदावर, अडतं कुठे ते मला विचार, आधार कार्ड नाही, जामीनदार नाही, बायकोला माहीतच नाही कोणाकडे जायचं. टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) प्रयास प्रकल्प हेच काम १९९० पासून करतोय, त्यांचे लोक भेट, तासभर बस त्यांच्याकडे, ट्रस्टच्या दहा मीटिंगा वाचतील.

माझं मत विचारशील तर नोकरी घे. पण पैसा भिंतीच्या आत कमी आणि बाहेर जास्त घाल.

---

तलावपाळी_७७

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्या सोसायटीत घरफोडी झाली, म्हाताऱ्या काकूंना बांधून ठेवलं होतं. काकू आजही रात्री लाइट लावून झोपतात. त्यांच्यासाठी कुठला फंड आहे? कुठलं न्यूयॉर्क? गुन्हेगाराला आधी मानसोपचार मग ब्रश मग प्रदर्शन मग पेपरात फोटो. ज्याचं नुकसान झालं तो कुठेच नाही.

सईताई, नोकरी चांगली असेल तर जरूर घ्या, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण यात फार काही थोर आहे असं समजू नका.

---

उपवन_स्केचबुक

मी चित्रकार आहे, ठाण्यातला, जेजेचा. एका संस्थेतर्फे आत शिकवायला जायचो, कुठल्या जेलला ते सोडा. थोडं प्रॅक्टिकल सांगतो कारण हे तुम्हाला कुठल्या रिपोर्टात सापडणार नाही.

परवानगी पुण्याच्या मुख्यालयातून येते आणि ती आली तरी गेटवरचा शिपाई आणि त्या दिवशीचे जेलर यांच्या मनावर सगळं. शार्पनर आत जात नाही, ब्लेड असतं त्यात. टर्पेंटाइन विसरा. कात्री विसरा. काचेची बाटली विसरा. म्हणजे ऑइल गेलं, कोलाज गेलं, लिनोकट तर नावच काढू नका. राहिलं काय, पोस्टर कलर, खडू, कागद. मग सगळ्या संस्था काय करतात, वारली करतात. भिंतीला गेरू, वर पांढरा रंग, झालं, फोटो मस्त येतो, अधीक्षकसाहेब खूश. आमच्या ग्रुपमध्ये जव्हारकडचा एक वारली पोरगा होता, तो दोन दिवस नुसता बघत बसला, मग हळूच म्हणाला सर आमच्यात हे लग्नाला बायका काढतात, चौक लिहितात, तुम्ही हे सगळ्यांना का शिकवता. मी काय उत्तर देणार? म्हटलं तुला काय काढायचंय ते काढ. त्यानं बस काढली. एसटी. पुढचे बरेच दिवस एसटीच काढत होता, आतून, बाहेरून, टपावरून. मला विचाराल तर त्या बॅचमधलं सगळ्यात चांगलं काम ते होतं आणि ते रिपोर्टमध्ये गेलं नाही कारण थीम "आशा" होती 🙂

@तलावपाळी, तुमचा मुद्दा मला पटतो, चेष्टा नाही करत. इंग्लंडमध्ये लेखक आर्थर कोस्लरनं १९६२ ला कैद्यांच्या कलेची बक्षिसं सुरू केली, तो स्वतः स्पेनच्या यादवीत आत बसून आलेला माणूस. ती संस्था अजून चालू आहे, दरवर्षी प्रदर्शन भरतं, चित्रं विकली जातात, आणि विक्रीतला एक भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जातो. करता येतं, ठरवलं तर.

सईला एक प्रश्न ट्रस्टला विचारायला सांगतो: चित्र कुणाचं? मी शिकवलेल्या लोकांची चित्रं एका हॉटेलच्या लॉबीत लागली, खाली संस्थेचा लोगो, काढणाऱ्याचं नाव नाही. गोपनीयता म्हणून नाव नाही असं सांगितलं. बरं, मग पैसे? त्यावर सगळे गप्प.

---

ऐरोलीकर_सई

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तलावपाळी, राग अजिबात नाही, घरात हेच ऐकतेय 🙂

उपवन, एसटीची चित्रं आत्ता कुठे आहेत?

---

उपवन_स्केचबुक

त्याच्याकडेच. जामीन झाला तेव्हा गुंडाळी करून घेऊन गेला. मी मागितली नाहीत.

---

निवृत्त_ग्रँटवाली

सई, मी देणगी देणाऱ्या फाउंडेशनमध्ये बरीच वर्षं काढली, कला आणि संस्कृती हाच विभाग, आता वाशीला घरी बसून नातवाला सांभाळते. रोजचं काम विचारलंस म्हणून लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

बाहेरून वाटतं आपण कलाकारांबरोबर गप्पा मारणार, तालमी बघणार. तेही असतं, महिन्यातून एखादा दिवस. बाकी सगळं वाचन. प्रस्ताव वाचायचे, बजेट वाचायचं, ऑडिट रिपोर्ट वाचायचा, यूटिलायझेशन सर्टिफिकेट (दिलेला पैसा कुठे खर्च झाला त्याचा दाखला) आलं नाही म्हणून फोन करायचे, आणि नाही म्हणायचं. सगळ्यात जास्त नाही म्हणायचं. चांगल्या लोकांना नाही म्हणायचं, ते सुद्धा असं की ते पुढच्या वर्षी पुन्हा येतील. आणि दुसऱ्या बाजूला ट्रस्टींना समजवायचं, कारण त्यांना दिसेल असं काहीतरी हवं असतं. प्रोग्राम ऑफिसरची खरी नोकरी म्हणजे दोन भाषांमधल्या दुभाष्याची. तळोज्याहून सुटून आलेला शाहीर "आमचा कार्यक्रम लय भारी झाला" म्हणतो आणि तुला त्याचं "आउटकम" करायचं असतं. इथे जो माणूस कंटाळतो तो खोटं लिहायला लागतो, आणि एकदा सुरू झालं की ते थांबत नाही.

आता अमेरिकेचं. तुमच्या त्या मुलीनं गुंडबाईंची गोष्ट सांगितली ती खरी आहे पण त्यातली चित्र विकण्याची बाजू सगळ्यांना आवडते आणि पुढची कुणी बघत नाही. त्या फंडातून चित्रकार-कवी यांच्याइतकेच कायदे बदलण्यासाठी लढणारे लोकही पैसे घेत होते, दोघं एकाच टेबलावर. इथे कुठला ट्रस्ट ते करेल? इथे "कला" हा शब्द मुळात यासाठी वापरला जातो की सरकारला राग येऊ नये. हे लक्षात ठेवून इंटरव्ह्यूला विचार की कारागृह प्रशासनाबद्दल टीका असलेलं नाटक फंडातून होऊ शकतं का. उत्तर देताना चेहरे बघ.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. तिकडे पैसे कुणाला द्यायचे हे ठरवायला आत राहून आलेली माणसं बसतात. जेसी क्राइम्स आणि रसेल क्रेग हे दोघं चित्रकार, दोघंही तुरुंगात राहिलेले, त्यांनी २०१७ ला सुटून आलेल्या कलाकारांसाठीची फेलोशिप सुरू केली. या क्राइम्सनं आत असताना तुरुंगाच्या ३९ चादरींवर वर्तमानपत्रातली चित्रं हेअर जेल लावून छापली आणि एकेक चादर पोस्टानं बाहेर पाठवली, जोडून एक भिंतभर चित्र झालं जे त्यानं स्वतः अखंड पाहिलं ते सुटल्यावर. रेजिनाल्ड ड्वेन बेट्स म्हणून कवी आहे, सोळाव्या वर्षी आत गेला, पुढे वकील झाला, २०२० पासून तुरुंगाच्या बरॅकींमध्ये छोटी ग्रंथालयं उभी करतोय, मेलन फाउंडेशनच्या पैशानं. अशा माणसांना पैसे मागायला उभं नाही करायचं, पैसे वाटायला बसवायचं. तुमच्या ट्रस्टी मंडळात तळोज्यात राहून आलेला एक माणूस बसेल का? सल्लागार समितीत तरी? नसेल बसणार तर तू रंगपेट्याच वाटणार आहेस, सासूबाईंचं खरं होईल.

आणि इथली उदाहरणं अमेरिकेपेक्षा जवळची आहेत. अहमदाबादच्या छारानगरात बुधन थिएटर १९९८ पासून आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांतल्या छारा समाजाची ही पोरं, पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या बुधन सबरच्या नावानं नाटक मंडळी काढली. तो कायदा १९५२ ला गेला पण आपल्याकडे पारध्याच्या पोराला विचार गेला का. पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० ला तुरुंगातल्या जातीवर लिहिलं, जेलच्या नियमावल्यांमध्येच कोणत्या जातीनं झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा हे लिहिलेलं होतं, त्या लिखाणाला पुलित्झर सेंटरची मदत होती, मग त्यांनी याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते नियम घटनाबाह्य ठरवले. देणगीचा पैसा लिखाणावर खर्च होऊन एवढं झालं. तुमच्या फंडात लिखाण बसतं का नुसतं भिंतीवर लागणारंच बसतं, हेही विचार.

फोटोचं. तू सीएसआरमधून येतेस म्हणून मुद्दाम सांगते. कच्च्या कैद्याचा चेहरा, नाव, केस यातलं काहीही रिपोर्टात येऊ द्यायचं नाही. तो उद्या निर्दोष सुटेल आणि तुमच्या वेबसाइटवर जन्मभर "कैदी कलाकार" राहील, मुलीच्या लग्नात कुणीतरी गूगल करेल. संमती घेतली म्हणतात. आत बसलेल्या माणसाची संमती कसली, साहेबांनी सही कर म्हटलं की तो करतो.

नातू उठला, नंतर लिहिते.

---

सीए_कोपरखैरणे

वरच्या ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त पैशाच्या नळाबद्दल.

ऑफरवर सही करण्याआधी पैसा कुठल्या खात्यातून येणार ते विचारा. ट्रस्टचा स्वतःचा असेल तर सगळ्यात मोकळा. त्यांच्या कंपनीचा सीएसआर असेल तर कंपनी कायद्याचं कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, आणि काम अनुसूची सातमध्ये बसवावं लागतं. त्यात वारसा, कला-संस्कृती, पारंपरिक कला आणि हस्तकला आहे, शिवाय रोजगाराभिमुख कौशल्यं आणि मागास घटकांमधली विषमता कमी करणं हेही आहे, बसवता येतं. गंमत अशी की ठाणे जेलमध्ये १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरेंना फाशी दिली त्या वारशासाठी कंपनी एका मीटिंगमध्ये हो म्हणेल, आणि त्याच आवारात आज असलेल्या माणसांसाठी तीन मीटिंगा लागतील.

चांगली बातमी म्हणजे सीएसआरमध्ये "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत पैसा ठेवता येतो. त्यामुळे कोणी म्हणालं की मार्चच्या आत सगळं संपवायलाच लागतं तर ते अर्धसत्य आहे. वाईट बातमी, परदेशातून पैसा आणायचा विचार असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांचा कायदा) पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे वाटप करणाऱ्या फंडाला तो जवळपास निरुपयोगी. आणि एका ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीचे आता ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात, तुमच्या ट्रस्टच्या सीएला हे माहीत असेलच पण तुम्हाला पण असू द्या.

बारा-ए आणि ऐंशी-जी (करसवलतीच्या नोंदण्या) नसलेल्या शाहिरी मंडळाला ग्रँट कशी द्यायची हा तुमचा रोजचा डोकेदुखीचा विषय होणार. व्यक्तीला फेलोशिप हा मार्ग बघा.

---

नाव_नको_खारघर

मी हे लिहावं की नाही असा विचार करत होते. माझा भाऊ तळोज्याला होता काही वर्षं. निर्दोष सुटला. कोणती केस वगैरे विचारू नका.

मंडळी, तुम्ही आत काय न्यायचं यावर बोलताय, मी बाहेरचं सांगते. खारघर स्टेशनवरून ओवे कॅम्पच्या बाजूला रिक्षा जायला तयार नसायची, जेल म्हटलं की जास्त पैसे. आता बेलापूर-पेंधर मेट्रो तरी आहे २०२३ पासून. मुलाकातीला नंबर लावायचा, मग उन्हात बसायचं, आईला गुडघे, भावाची पोरगी तेव्हा पहिलीत, तिला सांगितलं होतं बाबा कंपनीच्या कामाला गेलेत आणि कंपनीला एवढं मोठं गेट आणि पोलीस का हे ती प्रत्येक वेळी विचारायची, आणि काचेपलीकडून फोनवर बोलायचं त्यात ती काही बोलायचीच नाही. मग गळाभेटीचा कार्यक्रम झाला ज्यात मुलांना आत नेऊन बापाच्या मांडीवर बसू देतात, सोळा वर्षांखालच्या मुलांना, त्या दिवशी ती बोलली. तोपर्यंत शाळेत कुणाला कळायला नको म्हणून आम्ही शेजाऱ्यांशी सुद्धा संबंध तोडून टाकले होते.

कला म्हणाल तर भाऊ आत भजनात बसायला लागला. घरी असताना कधी देवळात गेला नव्हता. पखवाज शिकला एका म्हाताऱ्या बंद्याकडून. कुठल्या संस्थेनं शिकवलं नाही. सुटून आल्यावर इथल्या मंडळात जाऊन वाजवू का म्हणाला, तर कुठे शिकलास विचारतील म्हणून आईनंच नको म्हटलं. घरी पखवाज नाही, तो टेबलावर वाजवतो.

तुमच्या फंडानं काही करायचंच असेल तर दोन गोष्टी करा. गेटच्या बाहेर पोरांना बसायला सावली आणि कागद-खडू असलेली एक खोली, तिथे एक ताई असावी जी प्रश्न विचारणार नाही. आणि सुटून आलेल्याला वाजवायला, गायला, काढायला अशी जागा जिथे कुठे शिकलास हे आधीच माहीत असेल. उद्घाटन करू नका. बोर्ड लावू नका, निदान "कैद्यांच्या मुलांसाठी" असा तर नकोच.

---

कोर्टनाका

ताई, तुमच्या प्रतिसादानंतर माझ्या आकड्यांना काही किंमत नाही. सई, हाच तुझा पहिला प्रस्ताव समज.

ठाण्याला कोर्ट नाक्याजवळ जागा मिळणं महाकठीण आहे पण तळोज्याच्या बाजूला शक्य आहे. खोलीला कारागृहाची परवानगीही लागणार नाही, भिंतीच्या बाहेर आहे.

---

तलावपाळी_७७

नाव_नको ताई, निर्दोष माणूस इतकी वर्षं आत, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा राग दोषींवर होता. पण आता प्रश्न पडतो की जो आत आहे तो कुठला हे मला बाहेरून कसं कळणार. काकूंच्या केसमधले दोघेही अजून कच्चेच आहेत म्हणे, निकाल लागायचाय. काकू पण तारखेलाच जातात.

खोलीचं चांगलं आहे. पण सईताई, पीडितांचंही एखादं कलम घाला फंडात, कोस्लरवाल्यांसारखं. मी काकूंना विचारेन, त्या भजनी मंडळात होत्या, घरफोडीनंतर सोडलं.

---

निवृत्त_ग्रँटवाली

परत आले. खोलीला माझा पाठिंबा, पण सई, तुला एक अडचण सांगून ठेवते. ट्रस्टी विचारतील यात कला कुठे आहे. ते म्हणतील हे बालवाडीचं काम, समाजकल्याणाचं, आपला फंड कलेचा. तेव्हा मुलं खडूनं काय काढतात याचं प्रदर्शन करू असं चुकूनही कबूल करू नकोस मंजुरी मिळवण्यासाठी. प्रदर्शन म्हटलं की लहान मुलांचे "बाबा जेलमध्ये" असे कागद फ्रेम होऊन लागतील आणि आपण सगळे वाइन पीत रडू. त्यापेक्षा त्या खोलीत बसणारी ताई म्हणून कलाकाराला वर्षभराचा पगार दे. त्याला ट्रस्टी "आर्टिस्ट रेसिडन्सी" म्हणतील, म्हणू देत. पगार मात्र ताईला वेळेवर मिळाला पाहिजे, या क्षेत्रात कलाकारांना मानधन सहा-सहा महिने मिळत नाही हा जुना रोग आहे.

पखवाजाचं: बेलापूरचं अर्बन हाट, वाशीचं साहित्य मंदिर, अशा ठिकाणी रोजचा सराव चालणार नाही, भाडं आणि नियम. एखाद्या भजनी मंडळालाच थेट छोटी मदत दे, सतरंज्या, पेटीची दुरुस्ती, चहापाणी, आणि अट एवढीच की दार उघडं ठेवायचं.

---

उपवन_स्केचबुक

पगार असेल तर त्या खोलीसाठी मीच अर्ज करतो 🙂 ताई नसलो तरी काका चालेल ना. आणि तिथे शार्पनर पण नेता येईल.

---

ऐरोलीकर_सई

आज ट्रस्टशी पुन्हा बोलणं झालं, व्हिडिओ कॉल. थोडक्यात सांगते.

पैसा ट्रस्टचा स्वतःचा आहे, सीएसआर नाही, तीन वर्षांसाठी लेखी. (सीए, आभार, मी खातं विचारल्यावर समोरच्यांना आश्चर्य वाटलं.) टीका असलेलं नाटक चालेल का यावर त्या मुलीनं लगेच हो म्हटलं आणि तिच्या वडिलांनी घसा खाकरला. सल्लागार समितीत आत राहून आलेला माणूस, यावर "बघू" म्हणाले. मी म्हटलं बघू नको, दोन जण हवेत, आणि एक घरच्यांपैकी, हे ऑफर लेटरमध्ये नसलं तरी पहिल्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये यायला हवं. वडील म्हणाले नावं आणा. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

फोटोच्या बाबतीत मात्र अडलंय. त्यांना वार्षिक अहवालात काहीतरी चेहरे हवेतच. तिथे मी अजून हो म्हटलेलं नाही, सोमवारपर्यंत वेळ मागितलाय.

नाव_नको ताई, तुम्ही समितीत याल का असं इथे जाहीर विचारणं बरोबर नाही, म्हणून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. नाही म्हणालात तरी चालेल. कोर्टनाका, प्रयासच्या लोकांना कधी भेटता येईल ते पण कळवा, शनिवारी मला सुट्टी असते.

---

नाव_नको_खारघर

व्यनि बघितला. मी नाही, पण भावाला विचारलं, तो म्हणाला मीटिंगला यायला रजा टाकावी लागेल तर दिवसाचे पैसे देणार का. मला वाटतं रास्त प्रश्न आहे.

---

निवृत्त_ग्रँटवाली

रास्तच आहे. सई, बजेटमध्ये समितीच्या सदस्यांचं बैठक मानधन आणि प्रवासखर्च अशी ओळ आत्ताच घाल. ट्रस्टींना मानधन नको असेल तर त्यांनी स्वतः घेऊ नये, पण भावाला द्यावं.